अँबेसिडर सकाळी चालू होईना गेली: फ्युएल पंपाच्या कामाच्या नोंदी

गाडी अँबेसिडर मार्क ४, १९८७ ची, पेट्रोल, १४८९ सीसी, सोलेक्स कार्बोरेटर, पंप मूळचाच म्हणजे इंजिनाच्या अंगाला बसवलेला मेकॅनिकल. अण्णांनी घेतलेली, तेव्हापासून आमच्याच दारात. गाव लातूर. महिन्यातून दोन-तीनदा निघती, बाकी शेडमध्ये. ज्यांच्याकडं अशी उभी राहणारी जुनी गाडी आहे त्यांनी माझ्यासारखे पैसे घालवू नयेत म्हणून सगळं तारखेनिशी लिहून ठेवतोय.

३० डिसेंबर २०२४, येळवस (वेळ अमावस्या)

शेतावर जायचं म्हणून सकाळी सात वाजता डिकीत भज्जीचं पातेलं, उंडे, आंबीलचा माठ सगळं भरलं आणि गाडी चालूच होईना. चोक ओढून आठ-दहा सेकंदाचा सेल्फ, थोडं थांबून परत सेल्फ, असं सहा वेळा केलं. सातव्याला बॅटरीच बसली. शेवटी शेजाऱ्यांच्या टेम्पोत सामान टाकून गेलो, अण्णा दिवसभर गप्प होते. शेतातल्या कोपीजवळ (कडब्याची खोप) पूजा झाल्यावर एवढंच म्हणाले, "आधी एका सेल्फला उठायची."

५ जानेवारी २०२५

मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली. नवी घेतली, ५२०० रुपये. त्या दिवशी गाडी उठली, कारण जुन्या बॅटरीवर सेल्फ मारून मारून पेट्रोल वर आलेलंच होतं, पण हे मला तेव्हा कळलं नाही.

१२ जानेवारी

आठवडाभर उभी, परत तेच. आता म्हणाला सेल्फ मोटर जड फिरती. बुश, कार्बन, मजुरी मिळून १४५०. मोटर आता जोरात फिरती हे खरं, पण गाडी उठायला तेवढाच वेळ घेती.

त्याच दिवशी अजून एक झालं ते सांगायलाच पाहिजे. त्या माणसानं एअर क्लीनर काढून बाटलीनं कार्बोरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतलं आणि मला सेल्फ मारायला सांगितला. इंजिन मागं फुटलं (बॅकफायर), तोंडातून जाळ आला, त्याच्या हातावरचे केस जळाले, बाटली हातातून सुटून फेंडरवर पडली. बाटलीला टोपण लावलेलं होतं म्हणून वाचलो. ही पद्धत आपल्याकडं सगळेच वापरतात. वापरू नका. मी दुसऱ्या दिवशी दोन किलोचं पावडरचं फायर सिलेंडर आणून शेडच्या खांबाला टांगलं, मग पुढं हात लावला.

१९ जानेवारी

आजपासून स्वतःच बघायचं ठरवलं. भाचा सोबतीला, इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करतोय.

पहिली तपासणी फुकटची आहे. गाडी आठ दिवस उभी होती. एअर क्लीनर काढला, सेल्फ न मारता कार्बोरेटरच्या नळ्यात टॉर्चचा उजेड टाकला आणि भाच्याला ॲक्सिलरेटर दाबायला लावलं. आत पेट्रोलची बारीक धार उडायला पाहिजे. थेंबही नाही. म्हणजे बाऊल, कार्बोरेटरमधली पेट्रोल साठायची वाटी, कोरडा. वरचं झाकण उघडलं तर तळाला पिवळसर डाग आणि बोटाला लागंल एवढीच ओल.

दुसरी तपासणी वीस रुपयाची. मेडिकलमधनं ५० मिलीची सिरिंज आणली, कार्बोरेटरकडं येणारा पाइप सोडून त्या तोंडातनं सावकाश दोन सिरिंज पेट्रोल बाऊलमध्ये भरलं, पाइप परत लावला, सांडलेलं पुसून पाच मिनिटं वास जाऊ दिला. सेल्फ मारला, दोन सेकंदात गाडी चालू.

६६५० रुपये बॅटरी आणि मोटरवर घातले आणि रोग निघाला २० रुपयाच्या सिरिंजनं. हे आधी करायला पाहिजे होतं.

मेकॅनिकल पंप कॅमशाफ्टवर, म्हणजे इंजिनातल्या उंचवटे असलेल्या फिरत्या दांड्यावर चालतो. इंजिन फिरलं तरच तो ओढणार, आणि सेल्फवर इंजिन फिरतं हळू. त्यात टाकी पार मागं डिकीखाली, तिथून कोरड्या पाइपातनं पेट्रोल ओढून आणून बाऊल भरेपर्यंत सगळा भार बॅटरीवर. रोज चालणाऱ्या गाडीत बाऊल भरलेला असतो म्हणून हे कळतच नाही.

२६ जानेवारी

बाऊल किती दिवसात कोरडा होतो ते बघितलं. रविवारी गाडी फिरवून आणली, गरम इंजिन बंद केलं, मग दोन दिवसांनी, चार दिवसांनी आणि आज झाकण उघडलं. दोन दिवसांनी निम्म्याच्या वर, चार दिवसांनी पाव, आज कोरडा. जानेवारीत ही गत आहे तर एप्रिलमध्ये काय होईल. पेट्रोल पंपावर आता सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्यातलं काही इथेनॉल उसाचं. उसाला भाव मिळतो त्याबद्दल तक्रार नाही, पण १९८७ च्या रबराला ते सोसत नाही हे या कामात पदोपदी दिसलं.

अजून एक, पंपाकडं येणारा पाइप सोडला तर तोही रिकामा. म्हणजे पेट्रोल पाइपातनं उलटं टाकीत उतरतंय. पंपाचे वाल्व धरत नाहीत किंवा कुठंतरी हवा ओढतंय.

२ फेब्रुवारी

पंप काढला. या इंजिनात तो मॅनिफोल्डच्या बाजूलाच खाली बसतो, दोनच बोल्ट आहेत पण मागच्या बोल्टला पाना लावायला हात जात नाही. रिंग पाना अर्धा कापून घेतला, तरी तीन तास गेले.

उघडल्यावर डायफ्राम (पेट्रोल ओढणारा रबरी पडदा) कडक, वाकवला तर कडेला बारीक चिरा. आतली जाळी गंजाच्या पिठानं भरलेली. वाल्व तोंडानं ओढून बघितले तर एक धरतो, एक सुटतो. लातूरमध्ये एका दुकानात किट मिळालं, ३८० रुपये. पाकिटाचा कागद पिवळा पडलेला होता, तेव्हाच समजायला पाहिजे होतं. तरी घेतलं.

बसवताना चूक. पंपाची दांडी कॅमच्या इक्सेंट्रिकवर म्हणजे उंचवट्यावर टेकली पाहिजे, माझी ती तिरकी अडकली आणि मी बोल्ट आवळून पंप ओढून घ्यायला गेलो. तेवढ्यात चाचा आले. चाचा आमच्या गल्लीतले जुने फिटर, सरकारी अँबेसिडरी त्यांनी वीस-पंचवीस वर्षं केल्यात. ओरडलेच माझ्यावर, "दांडी मोडंल ना बाबा! हातानं दाबून पंप फ्लश बसला तरच बोल्ट लाव, बोल्टनं कधी ओढायचा नसतो." सोडून परत बसवला, हातानं स्प्रिंगचा दाब लागला, बरोबर बसला.

९ फेब्रुवारी

सात दिवस उभी ठेवून सेल्फ मोजला. आधी एकूण ४० सेकंदाच्या आसपास लागायचे, आता २२. सुधारणा आहे पण सकाळी सकाळी २२ सेकंद म्हणजे लईच.

चाचांनी पंपाची हातदांडी दाखवली. पंपाच्या बाजूला छोटी दांडी असती, ती खालीवर केली की इंजिन न फिरवता पेट्रोल वर येतं. मी म्हणलं ती तर ढिलीच लागती, काही ओढतच नाही. तर त्यांनी पुढनं हँडल घालून इंजिन एक पूर्ण फेरा फिरवलं, आणि दांडीला लगेच दाब आला. कॅम उंचवट्यावर थांबलेला असला की डायफ्राम आधीच ओढलेला असतो, मग हातदांडी नुसतीच हलती. मी मागच्या वर्षी याच कारणावरनं ही दांडी बिघडलेली आहे म्हणून सोडून दिली होती.

तीस-बत्तीस वेळा दांडी मारली, मग सेल्फ, दोन सेकंदात गाडी चालू. खर्च शून्य. तुमचं कंबर-गुडघे चांगले असतील तर इथंच थांबा, पुढचं वाचायची गरज नाही. पण अण्णांचं वय ७८, त्यांना बॉनेटमध्ये वाकून मॅनिफोल्डखाली हात घालता येत नाही, आणि गाडी त्यांना एकट्याला काढता आली पाहिजे हीच माझी अट आहे.

१६ फेब्रुवारी

ट्रॅक्टरच्या स्पेअरच्या दुकानात डिझेल लाइनला लावायचा रबरी फुगा मिळतो, हातानं दाबायचा, आत दोन्हीकडं वाल्व. २६० रुपये. बॅटरीजवळ सोयीच्या जागी पंपाच्या आधी लावला. दहा-बारा वेळा दाबला की घट्ट. मस्त वाटलं.

९ मार्च

तीन आठवड्यात फुगा मऊ पडून चिकट झाला, तोंडाशी सुजला. डिझेलचं रबर आहे ते, पेट्रोलला चालत नाही. वाईट म्हणजे त्याच्यातनं बाहेर थेंबभर गळत नव्हतं तरी गाडी औशाच्या रस्त्याला दोनदा बंद पडली. ओढणाऱ्या बाजूला फट असली की पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाती. त्यामुळं "कुठं गळत नाही म्हणजे पाइप चांगलेत" हे धरून चालू नका. ओळखायची रीत सोपी आहे, पंपाच्या आधी पारदर्शक फिल्टर लावा आणि इंजिन चालू असताना त्यात बुडबुडे येतात का बघा.

फुगा काढून टाकला. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी तुकडे बदलले, फ्युएल इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) गाडीला वापरतात तो इथेनॉल चालणारा पाइप, मीटरला २४० रुपये, दीड मीटर लागला. क्लिपा चांगल्या घेतल्या, पाइप न कापणाऱ्या, १० नग २०० रुपये.

१६ मार्च

आता इलेक्ट्रिक पंप. भाच्यानं भंगारातनं इंजेक्शनवाल्या गाडीचा टाकीतला पंप आणला होता, ३०० रुपयात. जोडायच्या आधी बादलीत गेज (दाब मोजायचं मीटर) लावून बघितलं, १० पीएसआयचं गेज, काटा क्षणात शेवटाला जाऊन आपटला. असे पंप तीन बारच्या आसपास म्हणजे चाळीसच्या वर पीएसआय देतात. आपल्या गाडीचा मेकॅनिकल पंप दोन-अडीच देतो. कार्बोरेटरची निडल (बाऊल भरला की पेट्रोल अडवणारी सुई) एवढा दाब धरूच शकत नाही, सगळं पेट्रोल उतू जाऊन गरम मॅनिफोल्डवर पडंल. गेज ४५० चं आहे पण या कामात सगळ्यात उपयोगी पडलेली वस्तू तीच.

मग कार्बोरेटरच्या गाड्यांचा येतो तो चौकोनी डबीसारखा १२ व्होल्टचा पंप मागवला, ११५०. डबीवर ४ ते ७ पीएसआय. म्हणलं सातच आहे, चालंल.

२३ मार्च

नाही चाललं. बटन दाबून अर्ध्या मिनिटात कार्बोरेटरच्या वरून पेट्रोल पाझरायला लागलं. लगेच बंद करून पुसून घेतलं. गेजवर साडेपाच. दुकानदारानं २०० कापून बदलून दिला, दुसरा अडीच ते चारवाला. त्याचा दाब आला पावणेतीन. निडलनं धरला.

मी तो इंजिनाजवळ फेंडरला लावला होता, वायर कमी लागावी म्हणून. तिथं तो नीट ओढीना. हे पंप ढकलायला चांगले, ओढायला कमजोर. टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या बरोबरीनं किंवा खाली लावायचे आणि आधी फिल्टर. तिथं गारही राहतात, इंजिनाच्या उष्णतेत पेट्रोलची वाफ होऊन पंप नुसताच टकटकतो.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर दुपारी गाडीखाली. मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर घेतली, नुसत्या जॅकवर कधीच जाऊ नका. बॅटरीची तार काढून ठेवलेली. पंप डिकीखाली चासीला रबरी बुशवर, आधी फिल्टर. वायरला बॅटरीपासून ५ अँपियरचा फ्यूज, मग रिले (बटनाच्या थोड्या करंटवर पंपाचा करंट जोडणारा स्विच), मग मागं.

दाबलं तर आवाजच नाही. एक तास रिले तपासण्यात गेला. शेवटी अर्थिंग निघालं, मी ते चासीच्या रंगावरच आवळलं होतं. घासून लोखंड उघडं केलं, वॉशर घातला, पंप बोलायला लागला.

हा पंप बोलतो म्हणजे खरंच बोलतो. लाइन रिकामी असली की भराभर टकटकटक, बाऊल भरत आला की टक... टक... असा सावकाश होतो. कान दिला की काच-मीटर काही लागत नाही.

६ एप्रिल

या दिवसाचं नीट वाचा.

पंप मी साध्या चालू-बंद स्विचवर दिला होता. लाइन अशी: टाकी, फिल्टर, इलेक्ट्रिक पंप, मग तोच मेकॅनिकल पंप, मग कार्बोरेटर. स्विच टाकला, टकटक सुरू झाली, तेवढ्यात दारात पाहुणे आले. अर्धा तास बसलो, चहा झाला. परत आलो तर पंप अजून चालूच आणि आवाज भराभर. भरलेला असता तर सावकाश यायला पाहिजे होता. खाली बघितलं, जमिनीवर थेंब नाही. कार्बोरेटर कोरडा. मग पेट्रोल चाललंय कुठं?

चाचांना फोन केला. ते म्हणाले, "सेल्फला हात लावू नको. डिपस्टिक काढ, वास घे." डिपस्टिक काढली तर तेल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर, पाण्यासारखं पातळ, आणि पेट्रोलचा भपकारा.

फेब्रुवारीत घातलेल्या त्या पिवळ्या पाकिटातल्या डायफ्रामला भोक पडलं होतं. तो फाटला की इलेक्ट्रिक पंप मागनं ढकलत राहतो आणि पेट्रोल थेट इंजिनाच्या तेलात उतरतं. सेल्फ मारला असता तर पातळ तेलावर बेअरिंग गेले असते, आणि तेलाच्या चेंबरमध्ये पेट्रोलची वाफ भरलेली, एखादी ठिणगी पुरली असती. मला रात्री झोप आली नाही. शेडच्या पलीकडंच आईचं तुळशीवृंदावन आहे, ती रोज संध्याकाळी तिथं दिवा लावती.

७ ते १३ एप्रिल

शेड उघडं ठेवून तेल काढलं, रात्रभर निथळू दिलं, नवं तेल आणि फिल्टर, १९५०. दोनशे किलोमीटरनं परत बदलणार आहे.

आता दोन रस्ते होते. एक, मेकॅनिकल पंप काढून तिथं पट्टी आणि पॅकिंग मारून बंद करायचं आणि पूर्ण इलेक्ट्रिकवर जायचं. त्यात तेलात पेट्रोल जायची भानगडच नाही. पण मग गाडी धडकली आणि इंजिन बंद पडलं तरी पंप पेट्रोल ढकलत राहतो, म्हणून धक्क्यानं करंट तोडणारा स्विच किंवा ऑइल प्रेशरवर चालणारा कटऑफ लावलाच पाहिजे. मेकॅनिकल पंपाला ती काळजी नाही, इंजिन थांबलं की तोही थांबला. आणि इलेक्ट्रिक पंप रस्त्यात मेला की गाडी तिथंच.

दुसरा, मेकॅनिकल पंप चांगला करून तोच मुख्य ठेवायचा, आणि इलेक्ट्रिक फक्त चालू करायच्या आधी काही सेकंद, तेही दाबून धरलं तरच चालणाऱ्या बटनावर. बोट काढलं की बंद. विसरायचा प्रश्नच येत नाही. मी हा घेतला. अँबेसिडरचा पंप खणखणीत आहे, त्याला टाकून द्यायला माझं मन होईना, आणि अण्णांचं तर अजिबातच.

डायफ्राम या वेळी हैदराबादहून मागवला, इथेनॉल चालणाऱ्या रबराचा, नवीन बनावटीचा, ७२० रुपये. बटन ८० रुपयाचं, डॅशबोर्डच्या खाली चोकच्या शेजारी, रिलेला करंट चावी चालू असंल तरच. आधी भाच्यानं कॉइलच्या (ठिणगी तयार करणाऱ्या) तारेवरनं करंट घेतला होता, तो काढायला लावला. कॉइलच्या वाटणीचा करंट दुसऱ्याला द्यायचा नाही, ठिणगी कमजोर पडती.

२० एप्रिल

सात दिवस उभी. बाहेर ४१ डिग्री. बटन दाबलं, भराभर टकटक, मोजत गेलो, अकरा-बाराला आवाज सावकाश झाला. बोट काढलं, चोक ओढला, सेल्फ. दीड सेकंद. डिपस्टिक लगेच काढून वास घेतला, तेलाचाच वास. आता दर रविवारी ही सवयच ठेवलीय.

११ मे

तुळजापूरला गेलो, सगळे घरचे. बंद इलेक्ट्रिक पंपातनं मेकॅनिकल पंपाला ओढायला अडथळा होईल का ही शंका होती, पण सत्तरच्या स्पीडनं कुठंही दम तोडला नाही. दर्शनाला अडीच तास लागले, गाडी उन्हात, बॉनेटला हात लावता येईना. आधी अशा वेळी वाफ धरायची आणि ओला फडका पंपावर टाकून बसावं लागायचं. या वेळी चोक न ओढता बटन दाबलं, सुरुवातीला आवाज तुटक आला, मग पंधराएक सेकंदात जड झाला, ॲक्सिलरेटर अर्धा दाबून सेल्फ. तीन सेकंदात उठली. शेजारच्या जीपवाल्यानं बटन बघून घेतलं.

२२ जून

हिशेब, पंपाच्या कामाचाच: दोन किट ११००, पाइप-क्लिपा ५६०, गेज ४५०, पंप बदलाबदलीसकट १३५०, रिले-फ्यूज-वायर-बटन ४३०, फिल्टर दोन १६०, फुगा २६०, भंगारातला पंप ३००, तेल १९५०. ६५६०. माझ्या चुका काढल्या तर साडेतीन हजाराच्या आत बसतं. रविवार बारा गेले.

१७ ऑगस्ट

पावसात मागचं कनेक्शन हिरवं पडलं होतं, पंप मधेच गप्प व्हायचा. तार कापून नवीन टोक काढलं, ग्रीस भरून टेप मारला.

गाडी या वेळी २४ दिवस उभी होती. अण्णा एकटेच शेडमध्ये गेले, मी ओसरीवरनं ऐकत होतो. टकटकटकटक, बराच वेळ, मग सावकाश. मग थोडी शांतता, चोक ओढताना करकरला, आणि एका सेल्फला गाडी उठली. तसेच औशापर्यंत जाऊन आले, कुणाला विचारलं नाही.

टाकीच्या फ्लोटचं पॅकिंग ओलं दिसतंय असं आल्यावर त्यांनीच सांगितलं. पॅकिंग आणलंय, ६० रुपये. पुढच्या रविवारी टाकी निम्म्याच्या खाली आली की बदलतो.